पळसाचं पान आणि बाभळीचा काटा

एका जंगलात पळसाची झाडं भर श्रावणातही बोडकी असत. दोष ऋतूचा नव्हता आणि मातीचाही नव्हता. पानं लागत होती, झाकायला.

बाळांनो, जवळ या. म्हणजे तुम्हीच, मिशा पिकलेल्या आणि नातवंडं झालेल्या बाळांनो. गोष्टीत काही शब्द येणार आहेत. ते ऐकून ज्यांना खोकल्याची उबळ येते त्यांनी आत्ताच खोकून घ्यावं. शिश्न. वृषण. योनी. झालं? आभाळ जागेवर आहे ना? मग पुढे सांगतो.

या जंगलात एक वैद्यशाळा होती. तिचे प्रमुख होते आचार्य शाखानंद. जातीनं वानर, विद्येनं थोर. ते वडाच्या आडव्या फांदीवर बसून शिकवत आणि शिष्य खाली जमिनीवर बसत. आचार्यांचा आवडता विषय लज्जा. या विषयावर ते सकाळभर बोलत, दोन्ही पाय फाकवून, आणि खालच्या शिष्यांना वर पाहावं की नाही हा प्रश्न पडे.

वडाच्या खोडावर, सालीच्या तुकड्यांवर काढलेली दोन चित्रं टांगलेली होती. एक नराचं आणि एक मादीचं.

नराच्या चित्रात सगळं होतं. शिश्न होतं, वृषण होते, वृषणांची पिशवी होती, आतल्या नळ्या होत्या. प्रत्येक अवयवाला नाव होतं आणि काहींना तर बिरुदं होती. शिष्य ती नावं घोळून घोळून पाठ करत.

मादीच्या चित्रात डोकं होतं. चार पाय होते. पोट होतं, आचळं होती. पोटाच्या खाली पळसाचं एक पान चिकटवलेलं होतं. पानाच्या खाली काय आहे, असं एका शिष्यानं एकदा विचारलं होतं. त्याला ओणवं उभं केलं. त्यानंतर शंका कुणाला आली नाही.

पण बाळांनो, शिकणाऱ्याला काहीतरी शिकावंच लागतं. शिष्यांनी पानच शिकून घेतलं. पान वाळलं की नवीन लावत, त्यावरून मादीचं पान ठरावीक काळानं गळतं असा सिद्धांत निघाला. परीक्षेत प्रश्न येऊ लागले. मादीच्या पानाचा देठ कोणत्या बाजूस असतो? पान पिवळे पडण्याची कारणे सांगा. मुलं पहिल्या वर्गात उत्तीर्ण होत आणि पुढे वैद्य होत. आचार्यही असेच उत्तीर्ण झाले होते.

आता त्या जंगलाचा राजा. सिंह, नाव प्रचंडसेन. त्याला आपल्या नरपणाचा फार अभिमान. तो दरबारात आला की आधी आयाळ झटकी, मग उभ्या खांबाला पाठ करून शेपूट वर घेई आणि सगळ्यांसमोर फवारा मारी. दरबारी टाळ्या वाजवत. याला तिकडे राजमुद्रा म्हणत.

या राजाच्या कानावर एक तक्रार गेली. माद्या पाण्याला गेल्या की नर झाडांआडून बघत बसतात. राजा न्यायी होता. त्यानं ताबडतोब हुकूम काढला: माद्यांच्या पाणवठ्याला कुंपण घाला. नर डोकावत होते, म्हणून माद्यांना कुंपण. तुम्हाला यात काही चुकल्यासारखं वाटत असेल, तर तुम्ही त्या जंगलातले नाही.

कुंपण बाभळीचं घातलं. आत जायला एक फट ठेवली. फट इतकी अरुंद की तिच्यातून मर्यादा तेवढी सहज जाई.

ठकूबाई मर्यादेपेक्षा बरीच रुंद होती. ती रानडुकरीण, पोटुशी, दिवस भरत आलेले. पाणी पिऊन परतताना फटीत तिचा पाय घसरला आणि ती मागच्या बाजूनं कुंपणावर बसली. एक काटा आत मोडला.

कुठं मोडला? योनीच्या ओठात. मी सांगून टाकलं. ठकूबाईला ते सांगता येईना. त्या जंगलाच्या भाषेत या जागेसाठी एकही शब्द नव्हता. होते ते सगळे शिव्यांमध्ये वापरून झाले होते.

तिचा नवरा धोंडबा तिला आचार्यांकडे घेऊन आला. ती चालत नव्हती, पाय ओढत होती.

"कुठे दुखतं?" आचार्यांनी फांदीवरून विचारलं.

"तितं," ठकूबाई म्हणाली.

"तिथे म्हणजे पोटात?"

"पोटाच्या खाली."

आचार्यांनी डोळे मिटून घेतले. लज्जा हा त्यांचा विषय होता. "म्हणजे पानात?"

"कसलं पान?"

"मादीचं पान. पिवळं पडलं आहे का? कडा वाळल्या आहेत?"

"आवं आचार्य, मला पान न्हाई!"

आचार्यांनी एक डोळा उघडला आणि तो फक्त धोंडबाकडे वळवला. "हिला पान केव्हापासून नाही?"

धोंडबा घुटमळला. "म्या काय कधी बघितलं न्हाई जी. अंधार असतुया. आन मग लगेच झोप लागती."

"सज्जन आहात," आचार्य म्हणाले.

"वैद्यबुवा, काटा मोडलाय वो," ठकूबाई कण्हत म्हणाली. "कुनीतरी बघा. बघितलं की दिसंल. माजी पोरं यायची हायती त्याच वाटनं."

"बाई, वैद्य तुम्ही की आम्ही?" आचार्यांनी निदान केलं. अकाली पर्णपतन. उपाय असा: पळसाचं ताजं पान आणावं, वेलीनं कमरेला बांधावं, देठाला सकाळ-संध्याकाळ पाणी घालावं. आणि कुणीही पाहू नये.

धोंडबानं पान बांधलं, तेही डोळे मिटून, त्यामुळे पहिलं पान शेपटीला बांधलं गेलं. दुसरं कसंबसं जागेवर बसलं. त्याच्या खाली जखम सुजत गेली. पू धरला. ठकूबाईला ताप भरला. विचारपूस करायला आलेले सगळे पानाची तारीफ करत होते. किती टवटवीत राहिलंय, म्हणत होते.

मग कळा सुरू झाल्या.

भर दुपार होती. आचार्य फांदीवर घोरत होते. खालच्या झुडपातून ठकूबाईचं ओरडणं वर येत होतं. शेजारच्या फांदीवर आचार्यांची बायको, चंद्रभागा वानरीण, बसली होती. तिनं थोडा वेळ ऐकलं. मग ती सरसर खाली उतरली.

"बघू गं," ती म्हणाली.

तिनं पान काढून फेकलं आणि बघितलं. तिला शरीरशास्त्र येत नव्हतं. तिला काटा दिसत होता. तिनं तो दोन बोटांत धरला आणि उपसला. झालं. एवढंच काम होतं. पान बांधायला याहून जास्त वेळ लागला होता.

पण सूज काही काट्याबरोबर निघून गेली नाही. पहिलं पिल्लू त्या सुजेत अडकलं. चंद्रभागेनं ओढलं, ठकूबाईनं जोर केला, ओठ रक्तानं माखले. पिल्लू बाहेर आलं तेव्हा त्याच्यात जीव नव्हता. त्याच्या मागची धडधाकट आली, ओरडत आली, लगेच आचळांना झोंबली. ठकूबाई त्यांच्याकडे बघत नव्हती. ती पहिल्याला चाटत होती. चाटून चाटून तिनं त्याला अगदी स्वच्छ केलं, जणू तो उठून चालायला लागणार होता. एका काट्यापायी गेलेला जीव, बाळांनो. मला हे सांगताना राग येतो, आणि तो मी लपवणार नाही.

पाय टाकवेल इतकं बरं वाटल्यावर ठकूबाईनं तो काटा तोंडात धरला आणि ती थेट दरबारात गेली. चंद्रभागा सोबत होती. ठकूबाईनं काटा राजाच्या पुढ्यात टाकला आणि सगळं सांगितलं.

दरबार हादरला. आचार्य उभे राहिले आणि त्यांनी अत्यंत महत्त्वाचा प्रश्न विचारला.

"हा काटा काढला कुणी?"

"मी," चंद्रभागा म्हणाली.

"म्हणजे तू पाहिलंस?"

"अहो, न पाहता कसा काढणार?"

आचार्यांनी कपाळावर हात मारला. दरबारात छी-थू झाली. मेलेल्या पिल्लाबद्दल कुणी काही बोललं नाही, कारण त्यासाठी ते कुठून आलं हे बोलावं लागलं असतं.

पण राजाला कुतूहल होतं. "आचार्य," तो म्हणाला, "एकदा ते पान काढून दाखवाच. त्याखाली असं आहे तरी काय?"

"महाराज, पानाखाली काही नाही. नुसती साल आहे. तिथलं चित्र खरडून टाकलेलं आहे."

"का?"

"महाराज, एकांतात सांगतो."

"इथेच सांगा! आम्हाला कशाची लाज?"

आचार्य सांगू लागले. "पहिल्या आचार्यांपासून एक गोष्ट कानोकानी चालत आली आहे. प्रमुखपद मिळतं त्यालाच ती सांगतात, आणि तोही बाहेर पानच शिकवतो. पहिल्या आचार्यांनी दोन्ही चित्रं पुरी काढली होती. शेजारी शेजारी टांगली. आणि त्यांना घाम फुटला. महाराज, दोन्ही चित्रं एकच होती."

"एकच म्हणजे?"

"गर्भात सुरुवातीला नर आणि मादी ओळखू येत नाहीत. दोघांनाही एकच अंकुर असतो. एकात तो वाढून शिश्न होतो. दुसरीत तो लहान राहतो, घडीखाली दडतो. पण अंकुर तोच. नराचे वृषण आणि मादीची अंडाशयं सुरुवातीला एकाच गोळ्याची. नराचे खाली उतरले, मादीची वरच राहिली."

दरबारात कुणीतरी खोकलं. मी आधीच सांगितलं होतं, खोकून घ्या म्हणून.

"आणि," आचार्यांचा आवाज बारीक झाला, "महाराजांच्या पिशवीवर मधोमध एक रेघ आहे."

"ती शौर्यरेखा!" राजा गरजला. "आमच्या तीर्थरूपांनी आम्हाला लहानपणीच सांगितलं आहे. शूरांनाच असते."

"नाही महाराज. ती शिवण आहे. गर्भात त्या जागी दोन घड्या असतात. नरात त्या एकमेकींना चिकटून पिशवी होते, तिची ती खूण. मादीत चिकटत नाहीत. त्यांचेच योनीचे ओठ होतात. काटा मोडला तो त्यातच."

राजाचा पंजा नकळत खाली गेला. मग त्यानं तो झटकन वर घेतला आणि आयाळीतून फिरवला.

"फरक आहे की नाही काही?" त्यानं जवळजवळ विनवणीच्या सुरात विचारलं.

"आहे ना, महाराज! मोठा आहे. मादीला गर्भाशय असतं. पिल्लू त्यात वाढतं. योनी ही त्याची बाहेर यायची वाट. नराला ते नाही."

"म्हणजे कमी कुणाला आहे?"

आचार्यांनी डोळे मिटून घेतले. हे मिटणं फार विद्वत्तापूर्ण होतं.

बाळांनो, एक नीट बघा. मादी वेगळी आहे, हे त्या दरबाराला वर्षानुवर्षं सुखानं पचलं होतं. मादी उणी आहे, हे तर आवडतच होतं. पण ती आपल्यासारखीच आहे, एकाच मातीची आहे, हे मात्र मोठमोठ्या नरांना पचेना. बिबट्या खाली बघू लागला. रेड्यानं मागचे पाय जुळवून घेतले. हे कुणाला कळता कामा नये, यावर दरबारात प्रथमच एकमत झालं.

"आमचं पोर गेलं," ठकूबाई म्हणाली. "त्याचं काय? त्यांचं चितार उघडं आन आमच्यावर पान. ह्यो कुटला न्याव? एक तर दोनी दावा, न्हायतर दोनी झाका!"

तिनं हे संतापून म्हटलं होतं. संतापलेल्या माणसानं दोन पर्याय देऊ नयेत. त्यातला कोणता उचलला जाईल हे सांगता येत नाही.

राजाचा चेहरा उजळला. "न्याय्य मागणी आहे," तो म्हणाला. "मान्य!"

दुसऱ्याच दिवशी नराच्या चित्रावर पळसाचं पान लागलं. जंगलात समता आली. शिष्यांनी नावं पाठ करायचं सोडलं आणि दोन्ही पानं पाठ करू लागले. नरांच्या पाणवठ्यालाही बाभळीचं कुंपण घातलं, तेवढंच दाट, फट तेवढीच अरुंद. नराचं किंवा मादीचं, कुणाचंही ते बघणं हा गुन्हा ठरला. चंद्रभागेनं आधीच बघितलेलं असल्यानं तिच्या दोन्ही डोळ्यांवर एकेक पान बांधलं. ठकूबाईचा सत्कार झाला, कारण मागणी तिची होती. तिला श्रीफळ दिलं आणि एक पान दिलं.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. ओळखलं असलं तरी ऐका, कारण त्या दरबाराला ते ओळखता आलं नव्हतं.

राजा पाणी पिऊन परतत होता. फटीपाशी आल्यावर त्याला राजमुद्रेची हुक्की आली. तो कुंपणाला पाठ करून, शेपूट वर घेऊन, ऐटीत मागे सरकला. काटा मोडला. कुठं? शौर्यरेखेला लागून, अगदी शेजारी.

आचार्यांना बोलावणं गेलं. ती जागा त्यांना लहानपणापासून पाठ होती. पण पाठ असणं हा आता गुन्हा होता. त्यांनी डोळे मिटले.

"महाराज, पान पिवळं पडलं आहे का?"

"आम्हाला पान नाही, मूर्खा!"

"केव्हापासून नाही, महाराज?"

राजानं पंजा उगारला, पण हलल्याबरोबर त्याला अशी कळ आली की तो मांजरासारखा ओरडला. मग ताजं पान आलं. रेशमासारख्या वेलीनं बांधलं. देठाला गुलाबपाणी घातलं. खाली सूज वाढत गेली. राजाला ताप चढला. भेटायला आलेले दरबारी पानाची तारीफ करू लागले.

अखेर राजानं गुपचूप चंद्रभागेला बोलावलं. ती चाचपडत आली. वाट दाखवायला ठकूबाई सोबत होती.

"काढ," राजा कण्हला.

"काढते की. पण डोळ्यांवर पानं आहेत, महाराज. आपलाच हुकूम. तेवढा उठवा. दरबारात एकदा सांगा, की बघायला हवं. लगेच काढते."

राजा विचारात पडला. हुकूम उठवायचा म्हणजे दोन्ही चित्रं उघडी करायची. दोन्ही चित्रं उघडी झाली म्हणजे ती शेजारी शेजारी दिसणार.

ठकूबाईनं त्याच्याकडे बघितलं. तिला त्याची कीव आली. खरं तर यायला नको होती. पण तो जसा कण्हत होता तसं कण्हणं तिला माहीत होतं.

"महाराज, ऐका माजं," ती मऊ आवाजात म्हणाली. "म्या यातनं गेलीया. पाय वर करा, लगी दिसंल. मला मोडला व्हता तसलाच काटा हाय. जागाबी तीच, मला मोडला व्हता तितंच."

राजानं मान उचलली. तापानं तांबारलेल्या डोळ्यांत शेवटची ठिणगी पेटली.

"तिथंच?" तो गरजला. "तुझं आणि आमचं... तिथंच? डुकरिणीचं आणि सिंहाचं? घालवा हिला!"

दोघींना हाकलून दिलं. काटा आतच राहिला. काट्याला नर आणि मादी यांतला फरक कळत नाही, बाळांनो. त्यासाठी वैद्यशाळेतच जावं लागतं.

राजा गेला. फार शांतपणे गेला असं आचार्यांनी जाहीर केलं, पण जंगलानं त्याचं ओरडणं ऐकलं होतं. अंत्ययात्रा दिमाखात निघाली. सगळ्या अंगाला फुलं वाहिली आणि त्या एका जागेवर पळसाचं पान ठेवलं, सर्वांत मोठं, हिरवंगार. आचार्य भाषणात म्हणाले, "महाराजांनी अखेरच्या श्वासापर्यंत पान ढळू दिलं नाही." दरबाराच्या डोळ्यांत पाणी आलं.

ठकूबाई गर्दीच्या मागे पिल्लं घेऊन उभी होती. एका पिल्लानं विचारलं, "आये, राजा कशानं गेला?"

"काट्यानं," ती म्हणाली.

"कुटं मोडला व्हता?"

ठकूबाईनं इकडेतिकडे बघितलं. मग तिनं पिल्लाला जवळ ओढलं आणि त्याच्या कानात नव्हे, चांगलं मोठ्यानं, दरबारात ऐकलेलं त्या जागेचं नाव घेतलं. नराच्या आणि मादीच्याही. अंत्ययात्रा थबकली. सगळ्यांनी वळून तिच्याकडे बघितलं. राजा मेल्याचा धक्का दरबार तेवढ्यापुरता विसरला, इतकं ते वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी पिल्लांच्या कानांवर पानं बांधायचा हुकूम निघाला. पळसावर आता काही उरलं नव्हतं. म्हणून वडाची घेतली.

तात्पर्य: बाळांनो, लाज ही जिवापेक्षा मोठी असते. ज्यांचा जीव तिच्यापायी गेला, त्यांच्यापैकी एकाचीही तक्रार दरबाराकडे आजवर आलेली नाही.